आवाज येतो, चित्र नाही

देवळ्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायचं म्हणजे वर्षाचं वेळापत्रक डोक्यात पक्कं लागतं. जूनमध्ये दाखले आणि ऑनलाइन फॉर्म. कांद्याची आवक वाढली की व्यापाऱ्यांचे प्रिंटर आणि बिलिंगची मशिनं. दिवाळीत पुण्या-मुंबईहून घरी आलेल्या पोरांचे लॅपटॉप. यात अलीकडे एक नवं गिऱ्हाईक वाढलं आहे, ते म्हणजे सिनेमा भाड्याने घेतलेलं. मशीन ठीक, नेट ठीक, खात्यातून पैसे गेलेले, आणि पडद्यावर अंधार. किंवा चित्र दिसतं, पण इतकं धुरकट की माणूस आधी चष्मा पुसतो आणि मग माझ्याकडे येतो.

भाड्याचा सिनेमा म्हणजे काय, हे आधी सांगतो. महिन्याची किंवा वर्षाची वर्गणी भरून जे पाहतो ते वेगळं. इथे एका सिनेमाचे पैसे एकदाच भरायचे. अ‍ॅमेझॉनच्या प्राइम व्हिडिओने एप्रिल २०२२ मध्ये भारतात असं भाड्याचं दालन उघडलं, तेव्हा भाडं ६९ रुपयांपासून ४९९ रुपयांपर्यंत होतं. त्याच्या आदल्या वर्षी बुकमायशोने ‘स्ट्रीम’ नावाने हेच सुरू केलं होतं. मराठीत प्लॅनेट मराठीने २०२१ च्या जूनअखेर ‘जून’ हा सिनेमा आणला, तोही सिनेमापुरते पैसे घेऊन. पण आमच्याकडे ही पद्धत घरोघर कळली ती आमिर खानमुळे. ‘सितारे जमीन पर’ थिएटरातून उतरल्यावर त्याने तो कुठल्याही वर्गणीवाल्या कंपनीला न देता १ ऑगस्ट २०२५ पासून यूट्यूबवर शंभर रुपयांत भाड्याने ठेवला. आयफोनवाल्यांना सुरुवातीला तोच १७९ रुपयांना दिसत होता, त्याबद्दल निर्मात्यांना माफीही मागावी लागली.

साधारण नियम असा की पैसे भरल्यावर तीस दिवसांत सिनेमा सुरू करायचा आणि एकदा सुरू केला की अठ्ठेचाळीस तासांत संपवायचा. त्यानंतर तो आपोआप बंद.

हे ‘आपोआप बंद’ नीट समजून घ्यावं, कारण सगळ्या भानगडीचं मूळ तिथे आहे. कॅसेट भाड्याने नेली तर परत आणून द्यावी लागायची. इथे परत देण्यासारखं काही हातात नाही. नेटवरून चित्र आलं, ते मशीनमध्ये उतरलं, आणि मशीनमध्ये उतरलेली गोष्ट कॉपी करायला काही लागत नाही. तेव्हा मालकाला भाडं घ्यायचं तर चित्राला कुलूप हवंच, आणि ठरलेल्या तासाला बाद होणारी किल्लीही हवी. याला डीआरएम म्हणतात. कुलपाशिवाय भाड्याचा धंदा होऊच शकत नाही हे मला मान्य आहे. मी स्वतः भाड्याच्या धंद्यातून आलेला माणूस आहे.

मागच्या दिवाळीत एका निवृत्त गुरुजींनी मला घरी बोलावलं. त्यांच्या जावयाने बंद पडलेल्या क्लासमधला जुना प्रोजेक्टर स्वस्तात घेतला होता. ओसरीच्या भिंतीवर धुतलेलं धोतर ताणून लावलेलं, नातवंडं सतरंजीवर, शेजारपाजारचेही दोन-चार जण. लॅपटॉप नवा, त्याला फक्त एचडीएमआयचं भोक. प्रोजेक्टर जुना, त्याला निळ्या टोकाची, पंधरा पिनांची व्हीजीएची केबल. मधे बाजारात कुठेही मिळतं ते छोटं कन्व्हर्टर. सिनेमाचं भाडं जावयाने मोबाइलवरून भरलेलं. धोतरावर लॅपटॉपचा डेस्कटॉप झकास दिसत होता, ट्रेलरही छान चालला होता. सिनेमा सुरू केला की मात्र गाणं ऐकू यायचं, खाली पांढऱ्या अक्षरांत सबटायटल उमटायची आणि वर नुसता काळा चौकोन. गुरुजींच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “भाऊ, आवाज तं ई राहिना, चित्र कोठे गयं?”

चित्र कुठेही गेलं नव्हतं. ते कन्व्हर्टरच्या अलीकडेच थांबलं होतं. एचडीएमआय केबलमधून कुलपातलं चित्र जाताना लॅपटॉप आणि समोरचं यंत्र यांच्यात आधी ओळखपरेड होते. लॅपटॉप विचारतो, तू परवानाधारक आहेस का? टीव्हीतली चिप आपल्या गुप्त आकड्यांनी उत्तर देते. उत्तर जुळलं तर केबलमधला प्रवाहसुद्धा कुलूपबंद होऊन जातो आणि टीव्हीत गेल्यावर उघडतो. या व्यवस्थेचं नाव एचडीसीपी, ती इंटेलने तयार केली. व्हीजीए ही त्याआधीच्या काळातली केबल. तिच्यात साधे विजेचे चढउतार वाहतात, कुलूप घालायची सोयच नाही. कन्व्हर्टरला काही पुरावा देता येत नाही, म्हणून लॅपटॉप चित्र सोडत नाही. डेस्कटॉप आणि ट्रेलर दिसतात, कारण त्यांना कुलूप नाही. सबटायटल दिसतात, कारण ती अक्षरं बहुतेक वेळा वेबपान स्वतः वर काढतं, ती चित्रात नसतात. काही सेवा अशा वेळी सरळ चूक दाखवतात, काही चित्राचा दर्जा उतरवतात, काही असा काळा चौकोन देतात.

मी गुरुजींना म्हटलं, प्रोजेक्टर राहू द्या. आतल्या खोलीतला टीव्ही बाहेर आणू आणि मधे काही न लावता एचडीएमआयची सरळ केबल जोडू. टीव्ही ओसरीत आला आणि सिनेमा लागला. धोतरावरच्या मोठ्या पडद्यासाठी जमलेली पोरं बत्तीस इंचाच्या टीव्हीसमोर दाटीवाटीने बसली. गुरुजींनी मला चहा पाजला आणि विचारलं, “पैसे आपण भरले, यंत्र आपलं, भिंत आपली, मग अडवणारा हा कोण?” गुरुजींनी आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलेलं, त्यांना असाच प्रश्न पडणार.

उत्तरासाठी थोडं मागे जावं लागेल. १९९० च्या आसपास माझ्या थोरल्या भावाने पाच कंदिलाजवळ व्हिडिओ लायब्ररी टाकली होती. मी शाळा सुटली की गल्ल्यावर. कॅसेटचं भाडं रोजचं, अनामत वेगळी, आणि मागे न फिरवता परत आणली तर दंड, तो मात्र कधी वसूल झाला नाही. खरी कमाई लग्नसराईत. रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन सिनेमे एका रात्रीसाठी भाड्याने जायचे. टीव्ही बैलगाडीत नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गोधडीवर, आणि व्हीसीआर मांडीवर घेऊन मी. उमराण्याला, लोहोणेरला, कुठे कुठे गेलो. पहाटे तिसरा सिनेमा संपायच्या आत निम्मं गाव झोपलेलं असायचं, पण बंद केलेलं चालायचं नाही, पैसे तीन सिनेमांचे भरलेले.

तेव्हाही कुलूप होतंच. अमेरिकेत १९८० च्या दशकात मॅक्रोव्हिजन नावाची युक्ती निघाली आणि इंग्रजी सिनेमांच्या मूळ कॅसेटवर ती असायची. टीव्हीच्या चित्रात वरच्या बाजूला काही रेघा असतात, ज्या डोळ्याला दिसत नाहीत. त्या रेघांमध्ये मुद्दाम जोराचे ठोके भरायचे. टीव्हीला त्याचा उपद्रव नाही. पण कॅसेट भरणाऱ्या व्हीसीआरमध्ये येणाऱ्या सिग्नलचा जोर आपोआप कमी-जास्त करणारं एक सर्किट असतं. ते फसतं. मग कॉपी केलेल्या कॅसेटवर चित्र मावळतं, एकदम उजळतं, परत मावळतं. अशी कॅसेट अर्धा तास पाहिली तर डोकं धरतं.

याचा खरा त्रास कोणाला झाला ते मी डोळ्यांनी पाहिलं, आणि तो पुढे डीव्हीडीच्या जमान्यात पाहिला. डीव्हीडी प्लेअरमध्येही हीच मॅक्रोव्हिजनची युक्ती बसवलेली होती. आमच्याकडे कित्येक घरांत टीव्ही जुना, मागे फक्त अँटेनाची पिन. लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरी लावायला जागाच नाही. मग लोक प्लेअरची वायर व्हीसीआरमध्ये घालायचे आणि व्हीसीआरमधून टीव्हीत न्यायचे. कॉपी करायचं कोणाच्या मनातही नाही. पण वाटेत व्हीसीआर आला, त्याचं ते सर्किट फसलं, आणि दुकानातून पावतीसह आणलेली डीव्हीडी घरात उजळत-मावळत बसली. आणि ज्यांना कॉपीच करायची, त्यांना मुंबईच्या बाजारात हे ठोके पुसून काढणारी डबी मिळत होती. गुरुजींच्या ओसरीतलं कन्व्हर्टर पाहिलं तेव्हा मला तीच अँटेनाची पिन दिसली. जुन्या यंत्राचा मालक तेव्हाही अडकला होता, आताही अडकतो.

मधल्या काळात व्हीसीडी आली. तिला कुलूप नव्हतंच. एका चकतीवर ७४ मिनिटं मावायची, म्हणून हिंदी सिनेमाच्या दोन-तीन चकत्या. चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं, म्हणजे आजच्या मानाने अगदीच भरड. ज्याच्याकडे सीडी रायटर तो निर्माता. केबलवाले रात्री नवा सिनेमा लावायचे आणि आमच्या लायब्ररीत शुकशुकाट. मग २००७ मध्ये मोजर बेअर कंपनीने मूळ व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली. मराठी सिनेमेही त्यात होते. चोरीच्या चकतीला मूळ चकतीपेक्षा फारसं स्वस्त होता येईना. आमच्या धंद्याचा शेवट तिथेच झाला, तरी सांगतो, माझ्या उभ्या आयुष्यात चोरीच्या मालाला ज्याने खरा धक्का दिला ते कुलूप नव्हतं, तो भाव होता. पुढे ती कंपनीही बुडाली, २०१८ मध्ये तिचा गाशा गुंडाळायचा हुकूम झाला. पण ती कथा निराळी.

डीव्हीडीवर मॅक्रोव्हिजनशिवाय आणखी एक कुलूप होतं, सीएसएस नावाचं, अवघ्या ४० बिटांच्या किल्लीचं. १९९९ मध्ये नॉर्वेच्या योन लेक योहानसन या शाळकरी पोराचं नाव गाजलं, कारण ते उघडणारा प्रोग्राम त्याने आणि त्याच्या साथीदारांनी जगासमोर टाकला. त्याच्यावर खटला झाला आणि २००३ मध्ये तो निर्दोष सुटला. शिवाय डीव्हीडीला जगाचे भाग पाडलेले: अमेरिका एक नंबर, युरोप आणि जपान दोन, भारत पाच. न्यू जर्सीहून भाच्याने कौतुकाने पाठवलेली डीव्हीडी सटाण्याच्या शो-रूममधून आणलेल्या प्लेअरमध्ये चालायची नाही, आणि कॉम्प्युटरच्या ड्राइव्हला हा नंबर पाचदाच बदलता यायचा. ते आजही संपलेलं नाही. परदेशातली पोरं सुट्टीला आली की तिकडच्या खात्यावरचा सिनेमा इथे भाड्याने घेऊ पाहतात, आणि ‘तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही’ अशी पाटी येते.

आता कॉम्प्युटरवर चित्र धुरकट का, याकडे वळतो. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत निम्म्याहून जास्त ही असते आणि ती समजावून सांगायला सगळ्यात अवघड.

सिनेमा नेटवरून अखंड येत नाही. काही सेकंदांचा एक, असे त्याचे तुकडे केलेले असतात, आणि प्रत्येक तुकडा अनेक दर्जांत तयार ठेवलेला असतो. तुकडे कुलूपबंद. तुमचं ब्राउझर कंपनीच्या सर्व्हरकडे किल्ली मागतं, आणि मागताना आपण कोण, किती भरवशाचे, हे सांगतं. सर्व्हर त्या भरवशाच्या प्रमाणात किल्ली देतो. हे काम ब्राउझरमधली एक बंद डबी करते. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये ती गूगलची वाइडव्हाइन असते, मायक्रोसॉफ्टच्या एजमध्ये प्लेरेडी, अ‍ॅपलच्या सफारीमध्ये फेअरप्ले. वाइडव्हाइनच्या पायऱ्या आहेत. एल-वन म्हणजे किल्ली आणि उघडलेलं चित्र दोन्ही चिपमधल्या बंदिस्त भागात राहतात, बाकीच्या मशीनला तिथे डोकावता येत नाही. एल-थ्री म्हणजे सगळं नुसत्या सॉफ्टवेअरच्या भरवशावर. विंडोज कॉम्प्युटरवरचं क्रोम आजवर बहुतांशी या खालच्या पायरीवरच राहिलं आहे. मग काही सेवा त्याला एचडीची किल्ली देतच नाहीत. पैसे एचडीचे घेतलेले असोत, येतं ४८० रेघांचं चित्र. हिशेब करा: १९२० गुणिले १०८० म्हणजे वीस लाखांवर ठिपके, आणि ८५४ गुणिले ४८० म्हणजे चार लाखांच्या आसपास. पाचवा हिस्सा.

गंमत अशी की दहा हजारांच्या मोबाइलमध्ये तो चिपमधला बंदिस्त भाग बहुधा असतो, आणि साठ हजारांच्या कॉम्प्युटरवर तुम्ही क्रोम उघडलं की नसल्यात जमा. मोबाइलवाल्यांनाही हे भोगावं लागलं आहे. २०१८ मध्ये पोको एफवन हा फोन भारतात गाजला, पण त्यात एल-वन नव्हतं, म्हणून नेटफ्लिक्स एचडीत दिसेना. ओरड झाली, तेव्हा पुढच्या वर्षी अपडेट देऊन ते आणलं.

कॉम्प्युटरवर एवढा अविश्वास का? कारण कॉम्प्युटर मालकाचं ऐकतो. त्यात काय चालू आहे ते मालकाला उघडून पाहता येतं, बदलता येतं. बँकेचा व्यवहार कुलूपबंद असतो तो तिसऱ्यापासून लपवायला. बँक आणि तुम्ही एका बाजूला, चोर दुसऱ्या. सिनेमाच्या कुलपात तसं नाही. ज्याला दाखवायचं त्याच्याचपासून लपवायचं. गिऱ्हाईक आणि संशयित एकच माणूस. म्हणून ही कुलपं मालकाच्या मशीनमध्ये मालकाच्या नजरेआड बसवावी लागतात, आणि म्हणून ती इतकी कटकटीची. २०१७ च्या सप्टेंबरात वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेने अशा बंद डबीला ब्राउझरमध्ये जागा देणारं मानक मंजूर केलं, तेव्हा वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी होकार दिला आणि इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ही हक्कांसाठी भांडणारी संस्था निषेध म्हणून बाहेर पडली. माझ्या मते दोघांचंही बरोबर होतं. ते मानक नसतं तर प्रत्येक कंपनीचं वेगळं जोडसॉफ्टवेअर टाकत बसावं लागलं असतं. नेटफ्लिक्ससाठी कधीकाळी मायक्रोसॉफ्टचं सिल्व्हरलाइट टाकावं लागायचं, ते २०२१ मध्ये कायमचं निवृत्त झालं. पण बंद डबी ती बंद डबी. बिघडली की माझ्यासारख्या दुरुस्तीवाल्याला आत हात घालता येत नाही.

देवळ्यात तर अजून विंडोज सेव्हनची मशिनं सुखाने नांदताहेत. खताच्या दुकानात, पतसंस्थेत, घरीदारी. क्रोमची १०९ ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती, २०२३ च्या सुरुवातीची. पुढच्या आवृत्त्या नाहीत म्हणजे कुलपाची डबीही जुनी, आणि डबी फार जुनी झाली की किल्ली देणारा सर्व्हर तिला दारातून परत पाठवतो. लिनक्स वापरणारं एखादं इंजिनीअरिंगचं पोरगं येतं, त्याला फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये डीआरएमची परवानगी चालू करून द्यावी लागते. एका मुलीने पुण्याहून गूगल मीटवर स्क्रीन शेअर करून आईला सिनेमा दाखवायचा बेत केला होता. आईला दिसला काळा चौकोन. तिचा हेतू चोरीचा नव्हता, पण डबीला हेतू कळत नाही.

आणि लाइट. अठ्ठेचाळीस तासांचं घड्याळ सर्व्हरवर चालतं, त्याला आमचा फीडर माहीत नाही. रात्री नऊला सिनेमा लावला, दहाला लाइट गेली, रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडलं, दुसऱ्या दिवशी शेतावर मजूर लागलेले, आणि तिसऱ्या रात्री मुदत संपलेली. आधी उतरवून ठेवायची सोय बहुधा मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये असते, कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये नाही.

आता या सगळ्याने चोर थांबला का ते बघू. १३ मे २०२१ ला सलमान खानचा ‘राधे’ झीप्लेक्सवर २४९ रुपयांना आला. काही तासांत त्याची चोरीची प्रत व्हॉट्सअ‍ॅप-टेलिग्रामवर फिरू लागली आणि प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. ‘सैराट’ २०१६ मध्ये फुटला तेव्हा फिरणाऱ्या प्रतीवर सेन्सॉरच्या प्रतीची खूण होती. म्हणजे तो कोणा गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरमधून गेलाच नव्हता. ज्या एचडीसीपीमुळे गुरुजींचं धोतर काळं राहिलं, तिची मूळ किल्ली २०१० मध्येच इंटरनेटवर फुटली आणि इंटेलने ते मान्यही केलं. शिवाय चित्र शेवटी डोळ्यांपर्यंत उघडंच यावं लागतं. समोर कॅमेरा धरणाऱ्याला कुठलं कुलूप अडवणार? चोराला एकदाच फोडायचं असतं. भरणाऱ्याला दर सिनेमाला परीक्षा द्यावी लागते. चोर सोडून संन्याशाला फाशी.

याचा अर्थ चोरी चालू द्यावी असा कोणी काढू नये. आपल्याकडे कायदे कडक आहेत. महाराष्ट्राने २००९ मध्ये झोपडपट्टी दादा आणि हातभट्टीवाल्यांच्या स्थानबद्धतेच्या कायद्यात व्हिडिओ पायरेट्सनाही बसवलं. कॉपीराइट कायद्यात २०१२ पासून ६५-अ हे कलम आहे: हक्कभंगाच्या इराद्याने असं कुलूप फोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर सिनेमाची चोरटी नक्कल करणाऱ्याला तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड. माझ्या दुकानात “काका, टेलिग्रामवरून उतरवून द्या ना” म्हणणारा रोज एक तरी येतो. मी देत नाही. पण भाडं भरून काळा चौकोन पाहिलेल्या माणसाने पुढच्या वेळी तेच मागितलं, तर त्याला नैतिकतेचं व्याख्यान देताना माझीच जीभ अडखळते.

आमच्यापासून तासाभरावर मालेगाव. तिथल्या नासिर शेख यांनी व्हिडिओ पार्लर चालवता चालवता ‘मालेगाव के शोले’ केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये रीमा कागती यांनी त्यांच्यावर ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ काढला. त्यात पार्लरवर पायरसीसाठी पोलिसांची धाड पडते आणि तिथून नासिरला स्वतःचा सिनेमा काढायची खुमखुमी येते. तो सिनेमा आता प्राइम व्हिडिओवर आहे. अर्थात कुलपात.

माझं म्हणणं एवढंच आहे. भाडं घ्या, कुलूपही घाला. पण पैसे घ्यायच्या आधी, बटणाच्या शेजारी, मोठ्या अक्षरांत सांगा: या मशीनवर, या ब्राउझरवर, या पडद्यावर तुम्हाला अमुक रेघांचं चित्र दिसेल, किंवा दिसणार नाही. हे त्यांच्या सर्व्हरला किल्ली देण्याच्या क्षणी माहीत असतंच. जे किल्ली देताना कळतं ते पैसे घेताना कळू नये, यात तांत्रिक अडचण काही नाही, इच्छा नाही. आज ही माहिती मदतपानाच्या तळाशी, इंग्रजीत असते, आणि बहुतेक ठिकाणी प्ले दाबलं की परताव्याचा हक्क संपतो. दुकानात रेडिओ लावून दाखवल्याशिवाय आमच्या बापजाद्यांनी रेडिओ घेतला नाही.

तोवर आपण काळजी घ्यावी. ट्रेलर चालला म्हणून सिनेमा चालेल असं समजू नका, ट्रेलरला कुलूप नसतं. त्याच सेवेवर वर्गणीतला किंवा फुकटचा एखादा कुलूपबंद सिनेमा असेल तर तो आधी लावून पाहा. विंडोजवर क्रोममध्ये चित्र धुरकट आलं तर एजमध्ये किंवा त्या सेवेच्या अ‍ॅपमध्ये बघा. मोठा पडदा हवा असेल तर मधे कन्व्हर्टर नको, एचडीएमआयची सरळ केबल. नाहीतर टीव्हीमधलंच अ‍ॅप. भाडं भरायचं ते ज्या रात्री पाहायचं त्याच रात्री, आणि तेही लाइट आहे हे बघून. इतकं करूनही फसलात तर पावतीची मेल जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. पुरावा म्हणून कॉम्प्युटरचा स्क्रीनशॉट मात्र काढू नका. सिनेमा व्यवस्थित चालू असला तरी कुलपामुळे तो बहुधा काळाच येतो. मोबाइलने पडद्याचा फोटो काढा.